गडग्यापलीकडचा मंगळ

“मास्तर, त्या बंद घरावर काल ड्रोन फिरत होतं. चांगलं चारदा.”

वहिनींच्या बातमीला प्रस्तावना नसते. गडग्यापलीकडे त्या खळ्यात सुपारी पसरत होत्या, अलीकडे मी माडांच्या आळ्यात पाणी सोडत होतो. बंद घर म्हणजे आमच्या दोघांच्या वाड्यांमागचं. माणसं मुंबईला गेली ती गेलीच. दरवाजाला कुलूप, कौलं निम्मी खाली, विहिरीवर रान.

“कुणी पाठवलं असेल?” मी विचारलं.

“कुणी म्हणजे? तेच बघतायत मुंबईत बसून. भिंती उभ्या आहेत का, विहिरीला पाणी आहे का, माड किती उरले. म्हणजे विकायचं आहे. रिसॉर्ट होणार तिथे, मी सांगत्ये तुम्हांला.”

ड्रोनपासून रिसॉर्टपर्यंत पोचायला वहिनींना एवढंच पुरतं. मी म्हटलं, “अशीच चौकशी मंगळाची चाललीय. तेही एक बंद घरच. 1976 साली व्हायकिंग उतरलं, तेव्हापासून एकामागून एक यंत्रं जाऊन खिडकीतून डोकावतायत.”

“मंगळ म्हणजे पत्रिकेतला?”

“नाही, वरचा.”

“मग सांगा. पत्रिकेतला मला पाठ आहे.”

तर मी ड्रोनवरूनच सुरुवात केली. पर्सिव्हरन्स नावाची नासाची गाडी 18 फेब्रुवारी 2021ला मंगळावर उतरली. तिच्या पोटाखाली एक हेलिकॉप्टर बांधून पाठवलेलं होतं, इन्जेन्युइटी. वजन 1.8 किलो, म्हणजे वहिनींच्या खळ्यातल्या एका पाटीएवढंही नाही. मंगळावरची हवा इतकी विरळ की आपल्या हवेच्या शंभराव्या हिश्श्याएवढाही तिचा दाब नाही. मग पंख्याला धरायला काही हवं ना? म्हणून पाती मिनिटाला 2,400 फेऱ्यांच्या आसपास गरगरवायची. 19 एप्रिल 2021ला ते पहिल्यांदा उडालं. पाच उड्डाणं झाली तरी पुष्कळ, असा हिशेब होता. झाली बहात्तर. 18 जानेवारी 2024ला उतरताना पात्यांना इजा झाली आणि ते कायमचं बसलं.

“आणि रिमोट कुणाच्या हातात?” वहिनींचा खरा रस इथे. “ते काल फिरणारं नक्की कुणीतरी इथूनच चालवत होतं. पुळणीवर उभा असणार.”

“तिथे रिमोट चालतच नाही. इथून हुकूम निघाला की पोचायला कमीत कमी तीन मिनिटं, ग्रह लांब गेले असले तर बावीस. समोर दगड आहे हे कळून ‘थांब’ म्हणेपर्यंत गाडी केव्हाच आपटलेली असेल. म्हणून दिवसाचं काम एकदाच लिहून पाठवायचं. दगड कसे चुकवायचे ते तिचं तिनं बघायचं.”

“म्हणजे अक्कल तिकडेच पाठवलीय.”

“थोडीशी.”

पलीकडच्या ओटीवरून अण्णांचा आवाज आला. अण्णा पेपर वाचत असतात तेव्हाही त्यांचे कान गडग्यावरच असतात. “ते सगळं राहू द्या हो. तिथे कधी कुणी राहात होतं का, ते सांगा.”

हा प्रश्न अण्णांनी विचारला तसा अख्ख्या जगानं विचारलाय, आणि त्यासाठीच एवढा खर्च चाललाय. पण शास्त्रज्ञ आधी दुसराच प्रश्न विचारतात. विहीर होती का? पाणी होतं का? बंद घरात शिरलेला शहाणा माणूसही आधी तेच बघतो.

एवढ्यात जीवना बंदरावरची आमची मावशी टोपली घेऊन बेड्यातून आत आली. “गुर्जी, बोंबील नाय आज. मांदेली हाय. वैनी, घेता का?” टोपली उतरली, आणि बैठकीला चौथी आली. पुढची वकिली मला मावशीच्या भरवशावर करता आली, कारण मंगळावरच्या पाण्याचा पुरावा म्हणजे सरळ सरळ पुळणीवरच्या खुणा.

“मावशी, ओहोटी लागली की वाळूवर त्या रेघा उमटतात, लाटालाटांच्या, त्या किती पाण्यात होतात?”

“उथळात. घोट्याएवढं, गुडघ्याएवढं पाणी असलं की बारीक रेघा. खोल पाण्यात मोठ्या.”

“हेच!” मी म्हटलं. क्युरिऑसिटी नावाची गाडी 2012च्या ऑगस्टपासून गेल नावाच्या विवरात हिंडते आहे. तिला दगडात गोठलेल्या अशाच रेघा सापडल्या. उंची सहा मिलिमीटर, दोन रेघांमधलं अंतर चार-पाच सेंटिमीटर. शास्त्रज्ञांनी गणित करून सांगितलं, पाणी दोन मीटरहून खोल नव्हतं, आणि वरून बर्फानं झाकलेलं नव्हतं, उघडं होतं, वाऱ्यानं हलत होतं. वय साधारण 370 कोटी वर्षं. मावशीनं मान हलवली. त्यात तिला नवल वाटलं नाही. तिनं न मोजता जे सांगितलं तेच त्यांनी मोजून सांगितलं होतं.

चिन्यांची गाडी, झुरोंग, मे 2021मध्ये उतरली ती उत्तरेकडच्या एका सपाट मैदानात. वरून बघाल तर कोरडं ठणठणीत. पण तिच्यावर जमिनीच्या आत बघणारं रडार होतं. त्यात खाली दहा मीटरपासून पस्तीस मीटरपर्यंत थरावर थर दिसले, सगळे एकाच बाजूला उतरत गेलेले, जशी आपली पुळण समुद्राकडे उतरते तसे. 2025 साली ते प्रसिद्ध झालं: पुरलेला समुद्रकिनारा. समुद्रच होता का, यावर वाद चालू आहे. नदीच्या मुखाशी, तळ्याच्या काठाला काय काय साचतं यावर शास्त्रज्ञ वर्षानुवर्षं भांडू शकतात. माझं मत विचाराल तर किनाऱ्याची बाजू मला जड वाटते. पण मी पुळणीच्या गावचा आहे, माझं मत धरू नका.

मावशीला मात्र वेगळीच शंका. “गुर्जी, तिथं चंद्र हाय?”

“दोन आहेत.”

“मग भरती लई येत असेल.”

असा प्रश्न मला तीस वर्षांत वर्गात कुणी विचारला नाही. मंगळाचे चंद्र दोन, पण अगदीच चिल्लर. फोबोस साधारण 22 किलोमीटरचा, डायमॉस त्याच्या जवळपास निम्मा. एवढ्याशा दगडांनी समुद्र काय उचलायचा? भरती म्हणायला असली तर नावापुरती. लाटा ज्या उठल्या त्या वाऱ्याच्या. शिवाय हा फोबोस पावणेआठ तासांच्या आतच ग्रहाभोवती फेरी मारतो, म्हणजे ग्रह स्वतःभोवती फिरतो त्याहून भरभर. म्हणून तो तिथल्या आकाशात पश्चिमेला उगवतो आणि पूर्वेला मावळतो.

“अगो बाई, मग पंचांग कसलं लावायचं?” वहिनी म्हणाल्या.

मी म्हटलं, सूर्यही मावळताना तिथे तांबडा होत नाही. बारीक धुळीमुळे त्याच्याभोवती निळसर उजेड पडतो. क्युरिऑसिटीनं फोटोच काढलाय. वहिनींनी तो मोबाइलवर दाखवायला लावला, बघितला, आणि “आपला बरा” असा निकाल दिला. शनिवार-रविवारी पुळणीवर फोटो काढायला येणाऱ्या पाहुण्यांचं जेवणखाण त्यांच्याकडेच असतं, त्यामुळे निकाल निःपक्षपाती नव्हता.

अण्णांना एवढ्यानं समाधान नव्हतं. “पण तांबडा का तो? आपल्या जांभ्यासारखा?”

आमच्या मधला गडगा जांभ्याचाच. खालचा काळा दगड हजारो पावसाळे खाऊन कुजतो, बाकीचं वाहून जातं आणि लोखंडाचा गंज उरतो, तो जांभा. मंगळावरही काळा दगडच, बसाल्ट, आपल्या सह्याद्रीच्या जातीचा. तांबडेपणाही गंजाचाच. गंमत अशी की 2025च्या एका अभ्यासात म्हटलंय, हा गंज कोरड्या हवेतला नसून फेरीहायड्राइट नावाचा, थंड पाण्यात बनणारा असावा. आणि जांभ्याखाली विहीर खणताना ती पांढरट चिकट माती लागते ना? तशा जातीचे पांढरे दगड पर्सिव्हरन्सला जेझेरो विवरात विखुरलेले सापडले. केओलिनाइट. पृथ्वीवर ते असं बनायला भरपूर पाऊस लागतो, दीर्घकाळ.

“पाऊस? तिथे?” अण्णा पेपर ठेवून गडग्याशी आले. “म्हणजे वाडीच होती की.”

“वाडीचं माहीत नाही. पाणी होतं हे पक्कं.”

“मग गेलं कुठे?”

इथे मला निसर्ग वादळाची आठवण काढावी लागली. 3 जून 2020. आमच्याकडे त्या दिवसाचं नाव काढलं की दोन मिनिटं कुणी बोलत नाही. पोफळीच्या पोफळी आडव्या झाल्या, कौलं पत्त्यांसारखी गेली. मंगळावर असं एका दिवसात झालं नाही, कोट्यवधी वर्षं चाललं. पृथ्वीच्या पोटातल्या वितळलेल्या लोखंडामुळे आपल्याभोवती चुंबकी कवच आहे. मंगळाचं पोट लहान, लवकर थंडावलं, कवच गेलं. मग सूर्याकडून येणारा कणांचा मारा थेट हवेवर. हवा थोडी थोडी करत अवकाशात निघून गेली. नासाचं मेव्हन यान हेच मोजायला गेलं होतं. हवेचा दाब गेला की उघडं पाणी टिकत नाही. काही उडालं, काही जमिनीत मुरलं, काही बर्फ होऊन बसलं.

“छप्पर गेलं की घर गेलंच,” वहिनी म्हणाल्या, आणि मागच्या बंद घराकडे बघून त्यांनी सुपारी जरा जोरातच पसरली.

“मेव्हनवरून आठवलं,” अण्णा म्हणाले, “आपलंही गेलं होतं ना त्याच सुमारास?”

मेव्हन पोचलं त्यानंतर दोनच दिवसांनी आपलं मंगळयान पोचलं, 24 सप्टेंबर 2014. अण्णांचे धाकटे बंधू विक्रोळीला गोदरेजमध्ये होते. यान नेणाऱ्या रॉकेटच्या इंजिनांचं काम तिथे झालं आणि कवचं वालचंदनगरला. त्यामुळे या घरात मंगळयान हे घरचं कार्य आहे. खर्च साडेचारशे कोटी. यानाचं मुख्य इंजिन प्रवासात जवळजवळ तीनशे दिवस बंद होतं. ते ऐन वेळी पेटेल की नाही, ही धाकधूक. दोन दिवस आधी चार सेकंद पेटवून बघितलं, पेटलं, आणि सगळ्यांचा जीव भांड्यात पडला. सहा महिन्यांच्या बोलीवर गेलेलं यान 2022च्या एप्रिलपर्यंत संपर्कात होतं. उपकरणं मात्र सगळी मिळून 15 किलोच्या आसपास. अण्णांसमोर बोललो नाही, पण शास्त्र त्यातून बेताचंच हाती आलं. पहिल्याच फटक्यात पोचणं, हेच त्याचं मोठं काम.

“मूळ प्रश्न राहिला,” वहिनी म्हणाल्या. “कुणी राहात होतं की नाही?”

मी त्यांना ठिपक्यांचा दगड सांगितला. जुलै 2024मध्ये पर्सिव्हरन्सला जुन्या नदीच्या पात्रात एक दगड मिळाला, चेयावा फॉल्स नावाचा. त्यावर बिबट्याच्या अंगावर असतात तसे ठिपके, मध्ये फिके, कडा काळ्या. त्यात लोखंडाची अशी खनिजं आहेत जी पृथ्वीवर बरेचदा चिखलातले सूक्ष्मजीव तयार करतात. सप्टेंबर 2025मध्ये ‘नेचर’मध्ये निबंध आला. निष्कर्ष काय? ‘संभाव्य’ जैविक खूण.

“संभाव्य!” वहिनींनी हात झटकले. “एवढं सगळं बघितलंत, हुंगलंत, मोजलंत, आणि संभाव्य? मला दोरीवरचे कपडे बघून घरात किती माणसं आली ते कळतं.”

“जिवाशिवायही तसं होऊ शकतं, असं त्यांचं म्हणणं. दगडाचा तुकडा नळीत भरून ठेवलाय. इथल्या प्रयोगशाळेत आणला तर सांगता येईल.”

“मग आणा ना.”

“पैशांवरून अडलंय. आणायला कोण, केव्हा जाणार, ठरत नाही.”

यावर मावशी पहिल्यांदा मनापासून हसली. “मासं नव्हतं ना पर?”

“मासे नाहीत. असलेच तर डोळ्यांना न दिसणारे जीव.”

“मंग ऱ्हाऊ द्या.” तिनं वहिनींच्या ताटात मांदेलीचा वाटा ओतला. मंगळ तिच्यापुरता निकालात निघाला.

मी मात्र एक गोष्ट राखून ठेवली होती. “अण्णा, मंगळावर लोणार आहे, माहीत आहे?”

“बुलढाण्याचं?”

“त्याच्या नावाचं विवर, उत्तर ध्रुवाच्या बाजूला. आपलं लोणार उल्का पडून काळ्या दगडात झालेलं, रुंदी 1.8 किलोमीटर. काळ्या दगडातली अशी विवरं जगात थोडीच, म्हणून मंगळाचे अभ्यासक तिथे येतात. भोरही आहे मंगळावर. आणि पुणंही. ‘पूना’ या जुन्या नावानं.”

पुण्याचं नाव काढलं तिथे माझं चुकलंच म्हणायचं. वहिनी ताठ उभ्या राहिल्या. “पुणं? आणि आपलं श्रीवर्धन नाही? पेशवे पुण्याला गेले ते कुठून? भटांची देशमुखी कुठली?”

“नियम आपल्या बाजूनं आहे,” मी म्हटलं. “लहान विवरांना लाखाच्या आत वस्ती असलेल्या गावांची नावं द्यायची, असं आंतरराष्ट्रीय खगोल संघाचं ठरलेलं आहे. आपली वस्ती पंधरा हजारांच्या आसपास. बसतो आपण नियमात.”

“अर्ज कुठे करायचा?” अण्णांनी कानावरची पेन्सिल काढली.

“संघाची कचेरी पॅरिसला. पण नुसता अर्ज चालत नाही. त्या खड्ड्यावर काम करणाऱ्या एखाद्या शास्त्रज्ञानं नाव मागायला लागतं.”

“मग शास्त्रज्ञ धरू की. येतात इतके पाहुणे शनिवार-रविवारचे, त्यात एखादा निघेल. उकडीचे मोदक घातले की करेल सही.” वहिनींनी गडग्यावरून इकडे तिकडे बघितलं आणि आवाज उतरवला. “पण मास्तर, दिवेआगरात कुणाजवळ बोलू नका हं. नाहीतर त्यांचा अर्ज आधी जायचा.”