ॲरेत आसनगाव कसं शोधावं?

कल्याण ते कसारा स्टेशनांची यादी तुमच्याकडे आहे आणि तिच्यात आसनगाव शोधायचं आहे. नुसत्या डोळ्यांनी दोन सेकंदांचं काम. पण तुम्ही इंजिनिअरिंगला आहात. असला गावठी उपाय सांगून तुमचा अपमान करणार नाही. पुढच्या पायऱ्या जशाच्या तशा पाळा. शेवटची लोकल चुकण्याची हमी माझी.

१. नावं आकड्यांच्या डब्यात भरा. म्हणजे पायथनच्या नमपाय लायब्ररीतल्या ॲरेत, जो मुळात गणितं करायला बनवलाय. सुरुवातीला खडवली, आटगाव, खर्डी, कसारा एवढीच घाला. कॉम्प्युटरच्या हिशेबाने प्रत्येकात पाच चिन्हं (काना, वेलांटी, खर्डीतला हलन्त, सगळे वेगळे मोजायचे). नमपाय तिथेच ठरवून टाकतो, की या डब्यात पाचच्या वर मावणार नाही. आता खर्डी काढून तिथे आसनगाव बसवा. चिन्हं सहा! एरर येणार नाही, साधी कुरकुरही नाही. शेवटचा 'व' छाटून 'आसनगा' ठेवलं जाईल. मग 'आसनगाव' शोधा आणि ते का मिळत नाही, याचा रात्रभर विचार करा. कसारा लोकलच्या दारात निदान लटकता तरी येतं.

२. खचू नका, मॅटलॅब उघडा. दोन नावं एकेरी अवतरणात लिहून मध्ये दोन बरोबरच्या खुणा टाका. आसनगाव विरुद्ध आटगाव: सहाला पाच, लांबी जुळत नाही म्हणून एरर. आसनगाव विरुद्ध वासिंद: सहाला सहा, तेव्हा एका उत्तराऐवजी निमूटपणे सहा शून्यं. 'स्ट्रकंप' नावाचं फंक्शन याचसाठी आहे, पण मॅन्युअल वाचणं ही फसवणूक झाली.

३. आता खरी कला. नमपायची यादी नव्याने, सगळी नावं एकदम घालून बनवा आणि प्रत्येक नावात आसनगाव शोधायला 'फाइंड' फंक्शन वापरा. शब्द सुरुवातीलाच सापडला तर तो ० देतो, सापडलाच नाही तर उणे १. हे उत्तर न बघता थेट 'वेअर'मध्ये ढकला. 'वेअर' शून्य नसलेलं सगळं खरं मानतो, त्यामुळे आसनगाव सोडून बाकीची सगळी स्टेशनं हाती येतील. मेल-एक्स्प्रेसनाही आसनगाव इतक्या सफाईने टाळता येत नाही.

४. यादी दोन मित्रांकडून टाइप करून घ्या. एक 'वासिंद' लिहील, दुसरा 'वाशिंद', आणि दोघांपैकी एक जण नावापुढे स्पेस सोडेलच. वैतागून नुसतं 'गाव' शोधलंत, तर आटगावही गळ्यात पडेल. बिचारे तुम्ही.

एवढं करूनही आसनगाव सापडायला लागलं, तर कुणीतरी तुम्हाला नमपाय २.० दिलंय. २०२४ च्या त्या आवृत्तीत कमी-जास्त लांबीच्या नावांसाठी वेगळा प्रकार आला, आणि तो वापरला की छाटाछाटी होत नाही. खरं तर १२ स्टेशनांना तोही नको. पायथनची साधी लिस्ट आणि 'इन' हा शब्द, एका ओळीत काम संपतं. ते कुणी सुचवणार नाही, कारण एका ओळीचा प्रोजेक्ट रिपोर्ट होत नाही.