बंदोबस्तकाका

परदेशातल्या प्रत्येक महाराष्ट्र मंडळात काही माणसं ठरलेली असतात. वर्गणी मागितली की पार्किंगकडे धावणारा एक, जेवणाच्या रांगेत सगळ्यांच्या पुढं उभं राहून ‘तुम्ही घ्या, तुम्ही घ्या’ म्हणणारा एक. आणि एक बंदोबस्तवाला.

याची ओळख पटायला वेळ लागत नाही. तुमच्या मोरीतला नळ गळतोय, हे तुम्ही त्याला सांगतच नसता. बायकोशी हळू आवाजात बोलत असता. पलीकडच्या कोचावरून आवाज येतो, ‘त्याचा बंदोबस्त करू!’ रविवारी सकाळी हा पाना घेऊन दारात हजर. दुपारी नळ गळायचा थांबतो, कारण तोवर अख्ख्या घराचं पाणी बंद झालेलं असतं. संध्याकाळी प्लंबर येतो, आणि त्याच्या डोक्यावर उभं राहून त्याला सूचना द्यायलाही हाच असतो. प्लंबर गेला की म्हणतो, ‘मी सकाळीच म्हटलं नव्हतं, वॉशर गेलाय?’ गंमत म्हणजे म्हटलेलं असतं.

टोरांटोतले आमचे बंदोबस्तकाका मूळचे चिपळूणकडचे. सत्तरच्या दशकात इंजिनियर म्हणून कॅनडात आले, पूल आणि पाइपलाइनी यांत हयात घालवली आणि निवृत्त झाले. मुलगी लग्न होऊन पलीकडच्या उपनगरात गेली. घर मोठं, काकू शांत, नळ सगळे दुरुस्त. बंदोबस्त करावा असं आसपास काही उरलं नव्हतं. काकूंच्या मते तो काळ फार कठीण होता. काका रोज सकाळी उठून त्यांच्याच स्वयंपाकघराकडे बघायचे.

सुदैवानं घर स्कारबरोत, हायलंड क्रीकच्या घळीला लागून. टोरांटो शहर अशा झाडीभरल्या घळींनी चिरलेलं आहे. त्यांना तिथं रॅव्हिन म्हणतात. माणसांना त्या फिरायला असतात आणि रॅकूनना राहायला. ज्यांनी हा प्राणी पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगायचं तर मांजरापेक्षा मोठा, अंगानं गुबगुबीत, डोळ्यांवर काळी पट्टी, शेपटीला काळी वळी, आणि पुढच्या पंजांना पाच-पाच लांब बोटं. या बोटांत त्याचं सगळं शहाणपण आहे. अंधारात, पाण्याखाली, न बघता तो नुसतं चाचपून खाणं शोधतो. मागची पावलं उलटी फिरवून झाडावरून डोकं खाली करून उतरतो. माणसाला भीत नाही. तुम्ही ओरडलात तर थांबून ऐकून घेतो.

‘कोकणात माकडांचा बंदोबस्त केलाय मी,’ काका म्हणाले. ‘हे काय, मांजर!’ (चिपळूणच्या घराची नारळी माकडांनी सोडली, ती नारळीच पडल्यावर. पण तो विषय काकूच काढू शकतात.)

लढाई सुरू झाली ती ग्रीन बिनवरून. टोरांटोत ओला कचरा वेगळ्या हिरव्या डब्यात जातो आणि आठवड्यातून एकदा गाडी येऊन तो नेते. काका कोकणातले, तेव्हा डब्यात बांगड्याची डोकी, सुरमईचे काटे, कोळंबीची सालं. घळीतल्या रॅकूनच्या दृष्टीनं अख्ख्या गल्लीतलं हे एकच घर जेवायला जाण्यासारखं. काकांनी डब्यावर वीट ठेवली. सकाळी वीट हिरवळीवर, डोकी गायब. दोन विटा ठेवल्या, आकड्याची रबरी दोरी आवळली. सकाळी दोरी कुंपणाला अडकवलेली. ती मुद्दाम तशी अडकवली होती, यावर काका आजही ठाम आहेत.

या बाबतीत काका एकटे नव्हते. 2015 मध्ये खुद्द महापौर जॉन टोरी रॅकूनविरुद्ध जाहीरपणे दंड थोपटून उभे राहिले आणि 2016 पासून महापालिकेनं घरोघरी नवे डबे वाटायला सुरुवात केली. खर्च सुमारे 3 कोटी 10 लाख डॉलर. झाकणावर फिरवायची मूठ. गाडीनं डबा उलटा केला की कुलूप आपोआप सुटतं, एरवी मूठ पिळल्याशिवाय उघडत नाही. रॅकूनचा अंगठा आपल्यासारखा बोटांसमोर येत नाही, म्हणून त्याला मूठ पिळता येणार नाही, असा हिशेब. काकांनी डबा आल्या दिवशी त्याचा ग्राफपेपरवर उभा छेद काढला आणि खाली ‘डिझाइनमध्ये दोष’ असं लिहून तारीख घातली. पुढं 2018 मध्ये डबा आडवा पाडून मूठ फिरवणाऱ्या एका मादीचं चित्रीकरणच पेपरवाल्यांनी प्रसिद्ध केलं, तेव्हा काकांनी तो कागद लॅमिनेट करून घेतला. रॅकून जिंकल्याचं एवढं समाधान शहरात दुसऱ्या कुणालाच झालं नसेल.

मी त्यांना एकदा बोलता बोलता सांगितलं की, 1907 मध्ये डेव्हिस नावाच्या अमेरिकन संशोधकानं रॅकूनना 13 तऱ्हेची कुलपं घातलेल्या पेट्या दिल्या होत्या, आणि त्यांनी त्यातल्या 11 उघडल्या. काका बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, ‘ती उरलेली 2 कुठली होती?’

मग निघाला मसाल्याचा उपाय. तिखटाच्या वासानं रॅकून फिरकत नाही, असं कुणीतरी त्यांना सांगितलं. दुकानातली मिरपूड काकांच्या मते मिळमिळीत. त्यांनी काकूंच्या वहिनीनं गावाहून पाठवलेला, सूटकेसमध्ये तीन पिशव्यांत गुंडाळून आणलेला, वर्षभराचा मालवणी मसाला डब्याभोवती रिंगण करून ओतला. रात्री पावसाची भुरभुर झाली. सकाळी काकू चहा टाकायला उठल्या, तर डब्यापासून डेकवरून थेट स्वयंपाकघराच्या दारापर्यंत पाच बोटांचे लालबुंद ठसे, नव्या सुनेनं माप ओलांडून आत यावं तसे, एकापुढं एक.

‘अहो,’ काकूंनी हाक मारली, ‘उठा. लक्ष्मी आली.’

त्यानंतर काही दिवस काका जेवायला आमच्याकडे होते.

पिंजऱ्याचं प्रकरण थोडक्यात आटोपलं. पिंजरा आणला, त्यात सार्डिन ठेवली, सकाळी शेजारच्या तमिळ कुटुंबाचं मांजर आत बसून अंग चाटत होतं. खरी अडचण पुढं निघाली. ओंटारिओच्या कायद्यानं पकडलेला रॅकून एक किलोमीटरच्या आतच सोडावा लागतो. लांब नेला तर त्याला तिथलं खाणं-ठिकाण माहीत नसतं, रोगही इकडचे तिकडे जातात, म्हणून हा नियम. ‘एक किलोमीटर?’ काका भडकले. ‘मी गाडी वळवून घरी येईपर्यंत तो डेकवर बसलेला असेल!’ महापालिकेला फोन केला तर उत्तर मिळालं की, निरोगी रॅकून खासगी घरातून आम्ही हलवत नाही. आजारी आहे का? काका म्हणाले, ‘तो नाही, मी होईन!’

या शहराचं रॅकूनशी नातंच तसं आहे. शिव्याही त्यालाच आणि लाडही त्याचेच. 2015 च्या जुलैत यंग स्ट्रीटच्या फुटपाथवर एक मेलेला रॅकून कुणी उचलेना, दिवसभर तसाच पडून राहिला. रात्रीपर्यंत लोकांनी तिथं मेणबत्त्या लावल्या, फुलं वाहिली, फ्रेम केलेला फोटो ठेवला. काकांनी ही बातमी वाचली आणि चष्मा काढून म्हणाले, ‘एकोणतीस वर्षं नोकरी केली. निवृत्तीला ऑफिसनं एक केक आणला होता. तोही बिनअंड्याचा.’

त्याच वर्षीच्या डिसेंबरात जवळच्या हॅमिल्टन शहरात रॅकूनमधला रेबीज पुन्हा आढळला. तेव्हापासून काका अंधार पडल्यावर कचरा ठेवायला जाताना क्रिकेटचे पॅड बांधतात. डेकच्या कोपऱ्यात रॅकूनच्या विष्ठेचा ढीग सापडला, तेव्हा मात्र त्यांनी केलं ते अगदी शास्त्रशुद्ध होतं. हे प्राणी ठरावीक जागीच शौचाला बसतात. त्या विष्ठेत एका जंताची अंडी असू शकतात आणि ती माणसाच्या पोटात गेली तर मेंदूपर्यंत उपद्रव होऊ शकतो. काकांनी मास्क लावला, हातमोजे घातले, घाण पिशवीत भरली आणि जागेवर उकळतं पाणी ओतलं. फक्त ते पाणी त्यांनी पुरणाच्या पातेल्यात उकळलं. काकूंनी ते पातेलं घरात परत घेतलं नाही. आज त्यात कढीपत्ता लावलेला आहे.

खरा कस लागला वसंतात. ॲटिकमध्ये रात्री धपधप आवाज येऊ लागला. छपराच्या कडेखालची पट्टी, जिला तिथं सॉफिट म्हणतात, ती एका कोपऱ्यात वाकवून कुणी आत शिरलं होतं. जाणता माणूस अशा वेळी पहिल्यांदा एक प्रश्न विचारतो. आत पिलं आहेत का? मार्च ते मेच्या सुमारास रॅकूनची मादी उबदार पोटमाळा शोधून तिथं विते आणि तीन-चार पिलं आठवडेच्या आठवडे तिथंच असतात. काकांनी हा प्रश्न विचारला नाही. त्यांनी मला शिडी धरायला बोलावलं.

पंचाहत्तरी ओलांडलेला माणूस शिडीच्या सर्वांत वरच्या पायरीवर, तोंडात चार खिळे, एका हातात प्लायवुड. खालून काकू, ‘अहो, उतरा!’ वरून खिळ्यांतून, ‘हंहोहस्त!’ मादी तेव्हा जेवायला बाहेर गेली होती. काकांनी भोक असं पक्कं बुजवलं की त्यांच्या पुलांचाही तसा जोड नसेल.

आपली पिलं आत आणि आपण बाहेर, हे कळल्यावर कुठलीही आई जे करील ते तिनं केलं. प्लायवुडला हातही लावला नाही. ती छपरावर चढली आणि मधोमध शिंगल्स उपसून नवं भोक पाडलं. पहाटे पाऊस आला तो थेट काकांच्या पलंगावर.

आता माहीतगार माणूस बोलवावाच लागला. तरुण पोरगा, बोलायला नम्र. त्यानं टॉर्च मारून पिलं मोजली आणि सांगितलं, आई पिलांना मानेला धरून स्वतःच दुसरीकडे नेईल. तिला दुसऱ्या जागा माहीत असतात. इथं फक्त तिची गैरसोय करा. दिवा चालू ठेवा, रेडिओ लावा, माणसांचा आवाज सतत असू दे. ती गेली की एकाच बाजूनं उघडणारं दार बसवू. काका त्याच्या शेजारी उभं राहून मान डोलावत होते, जणू हे सगळं त्यांनीच त्याला शिकवलंय.

पोरगा गेल्यावर काकांनी रेडिओ बंद केला. त्यांचं म्हणणं असं, हे रॅकून इथंच जन्मलेले, इंग्रजी बडबड त्यांच्या कानावरून जाते. काहीतरी वेगळं पाहिजे. त्यांनी कपाटातून एक जुनी कॅसेट काढली. मंडळाच्या रौप्यमहोत्सवी गणेशोत्सवात त्यांनी स्वतः केलेलं आभारप्रदर्शन. ज्यांनी ते त्या वेळी ऐकलं होतं ते अजूनही शेवटच्या रांगेत, दाराजवळ बसतात. त्यात हॉलच्या मालकापासून खुर्च्या उचलणाऱ्या मुलांपर्यंत सगळ्यांचे आभार आहेत, आणि मधे आलेले पुलांवरचे दोन अनुभव. कॅसेट दोन्ही बाजूंनी भरलेली. ॲटिकमध्ये टेपरेकॉर्डर ठेवून काकांनी आवाज पूर्ण सोडला.

मादी दुसऱ्याच रात्री निघाली. मी पाहिलं. वरून ‘यानंतर मी ज्यांचा उल्लेख केला नाही तर ती कृतघ्नता ठरेल’ ऐकू येत होतं आणि ती एकेक पिलू तोंडात धरून कुंपणावरून चालली होती, घाईत, मागं न बघता.

पोरानं दार बसवलं, छपराचं बिल दिलं, पैसे घेतले. श्रेय कुणाचं यावर घरात दोन तट आहेत. काका म्हणतात, भाषणाचं. काकूंचंही तेच म्हणणं आहे, फक्त त्या ते वेगळ्या सुरात म्हणतात.

तेव्हापासून काका मंडळात ‘रॅकून : एक अनुभव’ या विषयावर बोलायला तयार असतात, अजून कुणी तारीख दिलेली नाही. स्कारबरोत नवं घर घेतलेल्या जोडप्याला पेढे द्यायला जाताना ते खिशात टॉर्च नेतात आणि पेढा हातात असतानाच सॉफिट तपासतात. मादी कुठं गेली हे लवकरच कळलं. कायद्यात बसेल अशा अंतरावर, शेजारच्या तमिळ गृहस्थांच्या गॅरेजवर. ते हात जोडून आले, तुम्ही काय केलंत ते सांगा म्हणाले. काकांनी कॅसेट दिली. गेले काही दिवस ते कुटुंब संध्याकाळी आमच्या मंडळाच्या खजिनदाराचे आभार ऐकत जेवतं.

परवा काकांचा फोन आला, आवाजात जुनी उमेद. डेकखाली काहीतरी उकरलंय, पाठीवर पांढरे पट्टे आहेत. स्कंक असावा, घाबरला की दुर्गंधीची पिचकारी मारणारा. ‘अगदी किरकोळ आहे, उद्या पाइपनं पाणी सोडून बंदोबस्त करतो. तू शिडी नको आणू, नुसता ये.’

मागून काकूंचा आवाज येत होता. दुसऱ्या फोनवर त्या मुलीला विचारत होत्या, तुमच्या बेसमेंटमधली खोली रिकामी आहे ना, आणि मी एकटीच येतेय.