पॉइंटची पथ्ये

दशांश अपूर्णांकांची शाब्दिक उदाहरणे सोडवू पाहणाऱ्या वऱ्हाडातील होतकरू, हतबल आणि सेवानिवृत्त अशा सर्व इसमांसाठी ही मार्गदर्शिका सिद्ध केली आहे. शालेय पुस्तकातील उदाहरणे यात मुद्दाम घेतलेली नाहीत. तिथला दुकानदार प्रामाणिक असतो, कापड आटत नाही, आणि टाकीला दोन नळ असले तर दोन्हींना एकाच वेळी पाणी येते. अकोल्याच्या वाचकाला यावर विश्वास ठेवायला सांगणे बरे दिसत नाही.

साहित्य फारसे लागत नाही. लग्नपत्रिकेची कोरी मागची बाजू, चालणारा डॉटपेन, आणि "द्या इकडं, मी करतो" म्हणून मध्ये पडणाऱ्या जावयाला गुंतवून ठेवण्यासाठी एक प्लेट गिलावडा. मोबाइलमधला कॅल्क्युलेटर जवळ असल्यास हरकत नाही. तो विचारलेल्याचे बरोबर उत्तर देतो. चुकीचे विचारले तर त्याचेही तितक्याच आत्मविश्वासाने देतो.

आधी कृती सांगून टाकतो, म्हणजे मास्तर मंडळींचे समाधान होईल. गुणाकार करताना पॉइंट नाहीतच असे समजावे. भरताची वांगी १.७५ किलो, भाव ४२.५० रुपये. १७५ गुणिले ४२५० म्हणजे ७४३७५०. आता दोन्ही आकड्यांत पॉइंटनंतरची घरे मोजावी. दोन आणि दोन चार. उजवीकडून चार घरे सोडून पॉइंट द्यावा: ७४.३७५०. वांगीवाली पंचाहत्तर म्हणेल, आपण सत्तर म्हणावे, बहात्तरवर मिटवावे आणि कोथिंबीर मागावी. कोथिंबिरीला गणितात जागा नाही, पण तिच्यावाचून वऱ्हाडात कोणताही भाजीचा हिशेब पूर्ण धरत नाहीत.

भागाकार करताना भाजकातला पॉइंट हाकलून लावावा, आणि त्याला जितकी घरे सरकवले तितकीच भाज्यातल्या पॉइंटलाही सरकवावे. ज्वारी ३७.५ किलो, घरात रोज लागते १.२५ किलो. ३७५० भागिले १२५, म्हणजे ३० दिवस. पाहुणे आले तर भाजक बदलतो. भाजक एकापेक्षा लहान असला की भागूनही उत्तर वाढते, हे पोरांना पटता पटत नाही. ६ लिटर मठ्ठा ०.२५ लिटरच्या पेल्यांनी वाटला की २४ पेले होतात. वाटून वाढणारी आणखी एकच गोष्ट आमच्याकडे आहे: भावाभावांत वावर वाटले की कोर्टातल्या तारखा.

कृती संपली. ती कोणालाही येते. चुका होतात त्या त्याआधी, आणि म्हणून पहिले व एकमेव पथ्य असे: आकडा हातात घेण्यापूर्वी त्याच्या पॉइंटला विचारावे, बाबा, तू कितीतला?

सगळे पॉइंट दहातले नसतात. वऱ्हाडात एका दिवसात माणसाला किमान चार जातींचे पॉइंट भेटतात आणि सगळे सारखेच दिसतात. सकाळी दवाखान्याच्या पाटीवर ९.३० लिहिलेले असते. हा पॉइंट साठातला. (डॉक्टर ११.१५ ला येतात, तो विषय वेगळा.) दुपारी स्थळ म्हणून आलेल्या बायोडाटावर उंची ५.१० असते, हा बारातला. दशांशाने पाहिले तर ५.१० चा मुलगा ५.९ च्या मुलापेक्षा बुटका ठरतो, आणि एखादे हुशार घराणे चांगला उंच जावई घालवून बसते. संध्याकाळी ग्राउंडवर टेनिस बॉलची मॅच रंगात आलेली असते, ४.३ ओव्हर उरलेल्या असतात आणि ४५ रन हवे असतात. हा पॉइंट सहातला. ४५ ला ४.३ ने भागणारा १०.४७ चा रनरेट ओरडून सांगतो आणि बॅट्समन विनाकारण घाबरतो. तीन चेंडू म्हणजे अर्धी ओव्हर, भागायचे ४.५ ने, आणि रेट सरळ दहाचा.

चौथा पॉइंट सर्वांत महाग, कारण तो जमिनीतला आहे. एकरात गुंठे ४०. त्यामुळे दोन एकर वीस गुंठे हे "२.२०" असे लिहिणाऱ्या मुलाला गावातली कोणतीही म्हातारी व्यक्ती ओट्यावरूनच थांबवते.

"काऊन बे, दोन एकर वीस गुंठे म्हंजे अडीच एकर ना? मंग दोन पॉइंट वीस काहाले लिवलं?"

"तेच तं झालं, आबा."

"तेच कसं झालं? त्यात आठच गुंठे निघते. बाकीचे बारा कोनाच्या घरी गेले?"

आबांचे बरोबर आहे. ४० चे ०.२० म्हणजे ८. बारा गुंठे एका टिंबाखाली गडप झाले, मोजणी नाही की शेजाऱ्याने बांध कोरणे नाही. यावर उपाय म्हणून सातबारा काढावा, तर त्यावर एकरही नाही आणि गुंठाही नाही. तिथे हेक्टर, आर आणि चौरस मीटर. चार एकराचे वावर तिथे १.६२.०० असे उतरते. एका आकड्यात दोन पॉइंट पाहून घाबरू नये. पहिला हेक्टर आणि आर वेगळे करतो, दुसरा आर आणि चौरस मीटर. एकर काढायचे तर १.६२ ला ०.४०४७ ने भागावे. घाई असेल तर ०.४ ने भागून उत्तर ४.०५ येते आणि माणूस दोन गुंठ्यांनी श्रीमंत होतो. तीन भावांत वाटणी करायची तर १.६२ भागिले ३, प्रत्येकी ०.५४. भागाकार इथे निःशेष जातो. विहीर जात नाही.

आता कापूस. बाकीच्या उदाहरणांत मार्क जातात, इथे पैसे जातात, म्हणून येथे उमेदवाराने खाली बसून वाचावे.

केंद्र सरकारने २०२५-२६ साठी लांब धाग्याच्या कापसाला क्विंटलमागे ८,११० रुपये हमीभाव जाहीर केला. समजा माल १४.३५ क्विंटल भरला. गुणाकार केला की १,१६,३७८ रुपये ५० पैसे येतात. इथवर आनंद. मग हमीभावाने कापूस घेणाऱ्या सीसीआयच्या केंद्रावर ओलावा मोजायचे मीटर गंजीत खुपसतात. ओलावा ८ टक्क्यांपर्यंत असला तर पूर्ण भाव. त्यापुढे १२ पर्यंत टक्क्यामागे टक्का कापला जातो. १२ च्या वर गाडी परत. मीटरने १०.४ दाखवले, म्हणजे २.४ टक्के जास्त. २.४ टक्के म्हणजे ०.०२४. कपात झाली २,७९३ रुपये ८ पैसे, हाती आले १,१३,५८५ रुपये ४२ पैसे. घाईत ०.०२४ ऐवजी ०.२४ लिहिणाऱ्याची कपात २७,९३० रुपये ८४ पैसे निघते, आणि तो केंद्रावरच मटकन खाली बसतो. त्याला पाणी द्यावे आणि शून्य दाखवावे.

पण विचार करण्यासारखी गोष्ट वेगळीच आहे. मीटरवरच्या ०.१ ची किंमत या मालात ११६ रुपये ३८ पैसे होते. त्यामुळे माल पहाटेच्या दवात वेचलेला आहे की ऊन चढल्यावर, गाडी रात्रभर ताडपत्रीखाली होती की उघडी, मीटर गंजीच्या कडेला खुपसले की पोटात, हे सगळे प्रश्न गणिताच्या कक्षेत येतात. पॉइंटनंतरच्या पहिल्या घराला नगण्य म्हणणाऱ्या माणसाने अजून कापूस विकलेला नाही.

काट्यावरची रीत माहीत असावी. भरलेली गाडी मोजतात, मग रिकामी मोजतात, वजाबाकी म्हणजे माल. ही वजाबाकी चौथीच्या मुलाला येते. न येणारा भाग असा:

"भरली गाडी मोजतानी ड्रायव्हर कुठी होता?"

"उतरला होता ना भाऊ. तो पाहा, चाय पिऊन रायला."

"अन् रिकामी मोजतानी?"

"सीटवर."

ड्रायव्हरचे वजन ७२ किलो, म्हणजे ०.७२ क्विंटल. गुणिले ८,११०. एका चहाची किंमत ५,८३९ रुपये २० पैसे पडली. उमेदवाराने ड्रायव्हर दोन्ही वेळी वर तरी ठेवावा किंवा दोन्ही वेळी खाली. तो कुठे असावा याबद्दल गणिताचा आग्रह नाही. एकाच जागी असावा एवढाच आहे.

सरासरीबाबत थोडक्यात. ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरू नका, असे कृषी विभाग आणि अकोल्याचे पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ दरवर्षी सांगतात, आणि ते खरे आहे. समजा तालुक्यात पाच मंडळे आहेत: ११८.४, ९६.६, ९०.३, ६४.५ आणि ११.२. बेरीज ३८१, भागिले ५, सरासरी ७६.२. तालुका पेरणीयोग्य झाला. आपले वावर पाचव्या मंडळात असल्यास भागाकार पुन्हा तपासत बसू नये, तो बरोबर आहे. बियाण्याची थैली मात्र फोडू नये.

जुन्या लोकांना हे सारे पॉइंटशिवाय जमत असे. पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी आणि औटकी अशी अपूर्णांकांच्या पाढ्यांची फौजच होती. औट म्हणजे साडेतीन. सात औट साडेचोवीस हे उत्तर आजोबा तंबाखू मळता मळता देत, आणि नातू ३.५ गुणिले ७ मांडून घरे मोजत बसतो. १ एप्रिल १९५७ ला रुपयाचे १०० नवे पैसे झाले. त्याआधी रुपयात १६ आणे, ६४ पैसे आणि १९२ पै होत्या, आणि दशांश आल्याने हिशेब सोपा होणार होता. झालाही. फक्त पाढे गेले, आणि ३० जून २०११ पासून चार आण्याचे नाणेही चलनातून गेले, तेव्हा पावकीला उभे राहायला जागाच उरली नाही. तरी माझे मत विचाराल तर गुणाकार मांडण्याआधी तोंडी अंदाज घेण्यासाठी सवायकी आणि अडीचकीसारखे हत्यार नाही. साडेचौदा क्विंटलच्या आत माल, आठ हजारांच्या वर भाव, म्हणजे लाखाच्या थोडे पुढे. उत्तर अकरा लाख आले किंवा अकरा हजार आले, तर टिंब घसरले आहे हे कागद न पाहता कळते.

आता स्वाध्याय. वेग, काळ आणि अंतर यांचे उदाहरण आगगाडीशिवाय होत नाही अशी समजूत आहे. आपल्याकडे त्याहून सरस माल उपलब्ध आहे.

राष्ट्रीय महामार्ग ५३ च्या अमरावती ते अकोला या टप्प्यावर ३ जून २०२२ रोजी सकाळी ७ वाजून २७ मिनिटांनी डांबरीकरण सुरू झाले आणि ७ जूनला संध्याकाळी ५ वाजता थांबले. एका मार्गिकेचा ७५ किलोमीटर रस्ता सलग झाला, म्हणजे दुपदरी रस्त्याच्या हिशेबात ३७.५ किलोमीटर. गिनीज बुकात नोंद झाली. आधीचा विक्रम कतारमधल्या दोहाचा, २५.२७५ किलोमीटरचा. ७५ भागिले २५.२७५ केल्यास २.९७ येते, तेव्हा "तिप्पट" म्हणणाऱ्यास फार टोकू नये.

या कामाला लागलेला वेळ १०५ तास ३३ मिनिटे. ताशी वेग काढा.

ज्याने ७५ भागिले १०५.३३ मांडले त्याने ही मार्गदर्शिका पुन्हा पहिल्यापासून वाचावी. हा पॉइंट साठातला आहे. ३३ भागिले ६० म्हणजे ०.५५, म्हणून भागायचे १०५.५५ ने. उत्तर ताशी ०.७१ किलोमीटर. या गतीने ३५५ मीटरची गल्ली बरोबर अर्ध्या तासात डांबरी होते. ज्यांच्या घरासमोरचा रस्ता अजून व्हायचा आहे, त्यांनी हा हिशेब स्वच्छ अक्षरात उतरवून, टिंब ठळक करून, महापालिकेत अर्जाला जोडावा आणि पोच घ्यावी.