माळ्यावरची दुसरी खोली

काही माणसं पुस्तकात मरतात आणि सिनेमात बरी होतात. फ्रान्सिस हॉजसन बर्नेटबाईंच्या ‘अ लिटल प्रिन्सेस’मधले कॅप्टन क्रू हे अशा भाग्यवंतांपैकी. १९०५ सालच्या त्या कादंबरीत ते मुंबईहून बोटीनं लेकीला, साराला, लंडनला आणतात, बड्या घरच्या मुलींच्या शाळेत ठेवतात, हिंदुस्थानात परततात, मित्राच्या भरवशावर हिऱ्यांच्या खाणीत पैसा घालतात आणि तापानं जातात. बातमी पोचते ती नेमकी साराच्या अकराव्या वाढदिवशी. सकाळपर्यंत जिच्यासाठी शाळा चालवणाऱ्या मिंचिनबाईंच्या शब्दांत साखर विरघळत होती, तिला त्या संध्याकाळच्या आत तोकडा झालेला काळा झगा चढवून माळ्यावर धाडतात. शेजारच्या खोलीत बेकी, शाळेतली कामवाली पोर. मध्ये एक भिंत. टकटक केली की पलीकडून टकटक येते, आणि एवढ्या टकटकीवर दोघी लंडनचा हिवाळा काढतात.

बापाचं हे मरण सिनेमावाल्यांना काही केल्या पचत नाही. १९३९ साली दहा वर्षांच्या शर्ली टेंपलसाठी त्यांनी बोअर युद्ध आणलं, बापाला स्मृती हरवलेला जखमी करून इस्पितळात लपवलं, आणि शोधाशोधीला परवानगी हवी म्हणून खुद्द राणी व्हिक्टोरियाला गाठून दिलं. आपल्याला साधा रहिवासाचा दाखला काढायचा तर नगरसेवकाची ओळख शोधावी लागते. १९९५ साली अल्फोन्सो क्वारोननं गोष्ट लंडनहून उचलून न्यूयॉर्कला नेली, युद्ध बदलून पहिलं महायुद्ध घेतलं, पण बापाचा विसर तसाच ठेवला. स्मृतिभ्रंश हा आपल्या हिंदी सिनेमाचा घरचा आजार, असं मी उगाच अभिमानानं समजत होतो. बापाला पुस्तकाप्रमाणे मरू दिलं ते १९८६ च्या ब्रिटिश टीव्ही मालिकेनं. इंग्रज माणूस छापील शब्दाला जागतो म्हणतात, ते असं. आणि १९१७ च्या मूकपटात मेरी पिकफर्ड ही छोटी सारा झाली होती, तेव्हा ती पंचवीस वर्षांची होती. त्या बिचारीला बापापेक्षा वयाचीच चिंता जास्त असणार.

आपला माणूसही आहे या गोष्टीत. शेजारच्या घरातल्या आजारी साहेबाचा नोकर रामदास. त्याचं माकड पळून साराच्या खोलीत शिरतं आणि ती त्याच्याशी हिंदुस्थानीत बोलते, तेव्हा परमुलुखात आपली भाषा कानावर पडल्यावर त्याचा चेहरा उजळतो, तो प्रसंग मला फार प्रिय. १९३९ च्या सिनेमात हा रामदास झाला न्यूयॉर्कमध्ये जन्मलेला सीझर रोमेरो, जो पुढं टीव्हीवरच्या बॅटमॅनला जोकर म्हणून छळत राहिला. क्वारोनची सारा तर मैत्रिणींना रामायणच सांगते. त्यात सीतेभोवती रक्षणाचं रिंगण आखतो तो राम. माझी आजी असती तर तिनं तिथंच टीव्ही थांबवून विचारलं असतं, ‘‘मग लक्ष्मण काय करत होता?’’ पण पुढं तीच सारा माळ्यावर, सगळं गेल्यावर, खडूनं स्वतःभोवती एक वर्तुळ काढते आणि त्यात अंग मुडपून निजते. आजी तिथं काही बोलली नसती. पदर डोळ्यांना लावला असता आणि धूर झाला म्हणाली असती.

पुस्तकातली एक गोष्ट मात्र मी पुन्हा पुन्हा वाचतो. चिखलात साराला चार पेन्सचं नाणं सापडतं. ती समोरच्या बेकरीत जाते. बाई चार पेन्सला चार बन यायचे तिथं सहा घालते. बाहेर पायरीवर एक भिकारी पोर बसलेली, हिच्याहून भुकेली. सारा एकेक करत पाच बन तिच्या मांडीवर ठेवते. सहावा स्वतःला. मला भरून येतं ते दिलेल्या पाचांनी नव्हे, त्या राखलेल्या एकानं. सगळे सहा दिले असते तर ती देवी झाली असती, आणि देवीबरोबर रडता येत नाही.

आणि तरीही, वर्गाचं एवढं दुःख मन लावून लिहिणाऱ्या बर्नेटबाई शेवटी काय करतात? साराला वैभव परत मिळतं. बेकी माळ्यावर एकटी रडत बसते, तेव्हा रामदास निरोप घेऊन येतो की साराताईंना तुझीही आठवण आहे. उद्यापासून तू साराताईंची दासी. बेकी आनंदानं वेडी होते. बाईंनाही यात काही खुपलेलं दिसत नाही. खुपलं ते नव्वद वर्षांनी क्वारोनला. त्याची बेकी साराच्या शेजारी, घोडागाडीत बसून जाते.

हा सिनेमा मी पहिल्यांदा पाहिला तो केबलवर, एका रविवारी दुपारी. आमच्याकडे भांडी घासायला येणाऱ्या मावशींबरोबर त्यांची नऊ-दहा वर्षांची मुलगी आली होती. ती स्वयंपाकघराच्या चौकटीला पाठ टेकून बसली, गुडघे पोटाशी घेऊन. संवाद इंग्रजी, म्हणून मी अधूनमधून मराठीत सांगत होतो. बापलेकीची गाठ पडली, आमच्या घरात सगळ्यांनी नाकं पुसली. ती मात्र कोरडीच. म्हणाली, ‘‘काका, पण ती दुसरी? ती आता कुठं झोपणार?’’ मी म्हटलं, ‘‘थांब, दिसेल.’’ गाडी निघाली, त्यात बेकी दिसली, तेव्हा कुठं तिनं पाय पसरले.

पुस्तकातला शेवट मी तिला सांगितला नाही. त्या दुपारी आमच्या सोफ्यावर दोन जागा रिकाम्या होत्या.