पाळोळ्याची मुकी मिरवणूक

इबिझा हे नाव आमच्यात आणलं गूळवाल्यांच्या पोरानं. हा पोरगा पुण्यात कॉम्प्युटरवर काहीतरी करतो. नेमकं काय, ते गूळवाल्यांना अजून कुणाला सांगता आलेलं नाही. तर तो स्पेनच्या त्या बेटावर जाऊन आला, रात्रभर नाचला आणि त्याचे फोटो बापाच्या मोबाइलवर पाठवून मोकळा झाला. कोल्हापूरच्या गंगावेशीतल्या दूध कट्ट्यावर आम्ही धारोष्ण दुधाचे ग्लास हातात धरून ते फोटो बघितले. रात्री म्हशीशेजारी उभं राहून ओठांवर फेस आणायचा, हीच आमची आजवरची नाइटलाइफ. तीसुद्धा मला फार झेपत नाही. दहा वाजले की मी असेन तिथं झोपतो. लग्नात झोपलो आहे, नाटकात झोपलो आहे, एकदा भाषण करायला बोलावलं होतं त्या स्टेजवरही झोपलो आहे.

मास्तरांनी मोबाइलवर इबिझाची माहिती काढली. भूमध्य समुद्रातलं बेट, क्षेत्रफळ ५७१ चौरस किलोमीटर. आपला जिल्हा ७,६८५. "म्हंजे आपल्यात अशी तेरा बसत्यात," चांदीवाले म्हणाले, "आन वर गुऱ्हाळाला जागा उरती." तिथला पाशा नावाचा नाचगाण्याचा क्लब १९७३ पासून चालू आहे, हे ऐकून पैलवानांनी मान हलवली. आमची तालीम त्याहून जुनी. मग मास्तरांनी शेवटचं पान वाचलं: सत्तरच्या दशकात कित्येक हिप्पी उन्हाळा इबिझात काढायचे आणि थंडीला गोव्यात यायचे. इथं विषय संपला. हिप्पी ज्यासाठी अर्धी दुनिया तुडवत येत होते ते आपल्याला सव्वादोनशे किलोमीटरवर आहे, तर विमान कशाला?

ट्रॅव्हलर ठरली. माणसं नऊ. वर्गणीची वही माझ्याकडं. अक्षर बरं आहे या एका गुन्ह्यासाठी शाळेपासून ही शिक्षा मी भोगतो.

निपाणी, उत्तूर, आजरा, आंबोली अशी गाडी निघाली. मागच्या सीटखाली शेगडी, पातेलं आणि मटणाचा मसाला, कारण गोव्यात रस्सा मिळत नाही अशी पैलवानांची पक्की समजूत. घाटात मास्तरांनी कायदा सांगितला. २०१९ पासून गोव्यात किनाऱ्यावर दारू पिणं, बाटल्या फोडणं, उघड्यावर स्वयंपाक करणं याला दंड आहे. तेव्हा तो एकट्याला २,००० रुपये होता, गटाला १०,०००. मी वही काढली. नऊ जणांनी सुटासुटा गुन्हा केला तर अठरा हजार, मिळून केला तर दहा. आठ हजारांची बचत! हा हिशेब मी मोठ्यांदा वाचून दाखवला तेव्हा ड्रायव्हरनं आरशातून माझ्याकडं बघितलं ते अगदी सावंतवाडीपर्यंत. शेगडी सीटखालीच राहिली. एमएच ०९ ची पाटी लावून आलेली माणसं किनाऱ्यावर काय काय टाकून जातात ते कळंगुटला चपला काढल्या तेव्हाच कळलं. वाळूत बाटलीची फुटकी बुडं. गोवेकर आपल्याला अजून गावात घेतात, हाच त्यांचा मोठेपणा.

बघण्यासारखं सगळं बघितलं. जुन्या गोव्याचं बॉम जीझस चर्च, १६०५ मध्ये पुरं झालेलं, तिथं दहा मिनिटं; मंगेशीला पंधरा, कारण तिथं सावली होती. डॉल्फिन दाखवणाऱ्या होडीत "त्यो बगा" म्हणेपर्यंत तो गेलेला असायचा. फक्त चांदीवाल्यांनी तो बघितला, आणि घाट चढेपर्यंत त्याची लांबी दोन हातांनी वाढली. मांडवीतल्या बोटीवर देखणी आणि फुगडी झाल्यावर निवेदकानं प्रेक्षकांतल्या पुरुषांना वर बोलावलं. आम्हा सगळ्यांना मिळून नाचाची एकच पायरी येते: दोन्ही हात वर, एक पाय पुढं, तोच पाय मागं, गणपतीच्या मिरवणुकीत पुढचं मंडळ हलेपर्यंत. पुढं मंडळ नसल्यामुळं आम्ही थांबेनाच. शेवटी बोट धक्क्याला लागली.

पण खरी नाइटलाइफ पाळोळ्याला, असं गूळवाल्यांच्या पोरानं फोनवर सांगितलं होतं. पाळोळे म्हणजे काणकोण तालुका, पणजीच्या खाली सत्तरेक किलोमीटर. आम्ही पोचलो तेव्हा माझी वेळ टळून गेली होती आणि अर्धा मेंदू निजला होता, त्यामुळं समोर दिसलं ते स्वप्नच असणार असं मी धरून चाललो. दोनेकशे माणसं नाचतायत. घामाघूम. आणि आवाज नाही. पायांची धपधप आणि समुद्र, एवढंच.

"लाईट गेली जनू," पैलवान हळहळले. "जनरेटर न्हाई व्हय ह्यांच्याकडं?"

मास्तरांनी उलगडा केला. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणं रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर ध्वनिक्षेपक बंद. सणासुदीला बारापर्यंत सवलत, तीही वर्षातले फार तर पंधरा दिवस. नियम गोव्याला तोच, कोल्हापूरला तोच. गोव्यानं त्यावर हेडफोन काढला, आम्ही त्यावर वकील काढला.

अनामत भरून नऊ हेडफोन घेतले. वहीत नोंद केली. कानावर चढवला की बाजूला दिवा पेटतो. लाल, हिरवा, निळा, प्रत्येक रंगाला वेगळं गाणं. पाच मिनिटांत आमचे तीन गट पडले. गूळवाले लाल गाण्यावर, चांदीवाले हिरव्या, आणि एकमेकांचा ठेका चुकतोय म्हणून दोघंही एकमेकांना शिव्या देत होते. त्या शिव्या ऐकू येत नसल्यामुळं मैत्री टिकली. मी हेडफोन बंद करून खुर्चीत बसलो. इतकी चांगली झोप देणारं यंत्र मी दुसरं बघितलेलं नाही. मधेच जाग आली म्हणून ते काढलं, तर दोनशे माणसं तीन वेगवेगळी गाणी आपापल्या भसाड्या आवाजात म्हणत होती आणि त्यातून पैलवानांची आरोळी आली, "गणपती बाप्पाऽऽ!" ती ऐकणारा मी एकटाच. मीच "मोरया" म्हटलं. कुणीतरी म्हणायला हवंच.

नाच संपला. हेडफोन मोजले. आठ.

नववा अण्णांच्या डोक्यावर, आणि अण्णा गायब.

अण्णा आमच्यात थोरले. हलगी-घुमक्याच्या काळापासून तालमीची मिरवणूक त्यांच्या हातात. मग डॉल्बीची भिंत आली तेव्हा मिरजकर तिकटीपासून पापाच्या तिकटीपर्यंत त्या भिंतीपुढं दोरी धरून तेच उभे. वर्षानुवर्षं. डावा कान पुरता गेला, उजवा निम्मा. डॉक्टरांनी दिलेलं कानाचं यंत्र नव्या सदऱ्यांच्या खोक्यात ठेवलंय, कारण लोक म्हातारा म्हणतील. त्यामुळं अंधारात "अण्णाऽऽ" म्हणून ओरडण्यात काही अर्थ नव्हता. ओरडलो तरीही, अर्धा तास. काउंटरवरचा पोरगा गुणी, काही बोलला नाही, फक्त घड्याळाकडं बघत होता. मी अनामतीकडं.

पुन्हा मास्तरच. "ऐकत असले तर रेंजच्या बाहेर न्हाई जायचे. अण्णा निळ्यावर हुते, दिवा बगा."

मग आम्ही आठ जण वाळूत निळा दिवा हुडकत फिरलो. पहिला दिवा मासेमारीच्या होडीचा निघाला. दुसरा मोबाइलचा, तिथं एक गोरं जोडपं अगदी जवळ बसलं होतं आणि पैलवानांनी त्यांच्यावर वाकून विचारलं, "अण्णा?" ते जोडपं त्या रात्री परत तिथं दिसलं नाही.

तिसरा दिवा वाळूवर ओढून ठेवलेल्या एका होडीमागं. अण्णा टेकून बसलेले, डोळे मिटलेले, होडीच्या फळीवर बोटांनी ठेका. मी खांद्याला हात लावला. त्यांनी डोळे उघडले, पण हेडफोन काढला नाही.

"आवाज पुरा वाडवलाय," म्हणाले. "समदं ऐकू येतंय रं. तबला येगळा, पेटी येगळी. मागं बारीक घुंगरू हाय, त्येबी."

निळ्यावर जुनी हिंदी गाणी होती. एवढ्या वर्षांत त्या भिंतीपुढं उभं राहून त्यांनी गाणं म्हणून काय ऐकलं असेल, हा विचार मला तिथं पहिल्यांदा आला आणि फार राग आला. कुणाचा ते ठरवायला गेलो तर भिंतीची वर्गणी माझ्याच वहीत लिहिलेली. पैलवान मुकाट्यानं वाळूत बसले. त्यांच्या पाठोपाठ सगळे. मी काउंटरवर जाऊन अजून तासाभराचं विचारलं. पोरगा म्हणाला, यंत्रणा तर बंद करायचीच वेळ झालीये, पण एक रंग ठेवतो चालू. पैसे घेतले नाहीत. मग मी सीटखालचा मटणाचा मसाला आणून त्याच्यापुढं ठेवला. त्यानं तो हुंगला आणि लांब धरला.

परतल्यावर श्रावणात तालमीची बैठक झाली. चांदीवाल्यांनी ठराव मांडला: यंदा डॉल्बी नको, महाद्वार रोडला हेडफोन लावून नाचायचं. गुन्हा दाखल होणार नाही, वकिलाचा खर्च वाचेल. मी आकडेही तयार ठेवले होते. पोरं थोडा वेळ विचारात पडली, हे मला सांगितलं पाहिजे. मग नव्या अध्यक्षांनी विचारलं, "पर मागच्या मंडळाला कळणार कसं, आमी फुडं हाय ते?"

याला उत्तर नव्हतं. ठराव मताला टाकला. अण्णांनी बाजूनंही हात वर केला आणि विरोधातही. त्यांना वाटलं, चहा कुणाकुणाला पायजे ते विचारतायत.