मरेतुबिडि

"वैनी, तुमच्या पोराला कानडी गाणी कधीपास्नं आवडाय लागली ओ?"

मी परड्यात वाळत घातलेले सांडगे गोळा करत होते. आमच्या आणि आक्कांच्या परड्यामध्ये कमरेएवढी भिंत आहे आणि निपाणीतल्या निम्म्या बातम्या तिच्यावरूनच इकडून तिकडं जातात. म्हटलं, "छे हो, त्याला कुठली कानडी गाणी? दहावीला कानडीत काठावर पास झालेला तो."

"मग काल दिवेलागणीला माझ्या स्पीकरातनं कोण गात हुतं?"

एवढं बोलून आक्का भिंतीला टेकल्या. म्हणजे अर्धा तास गेला.

आक्कांच्या देवघरात एक ब्लूटूथ स्पीकर आहे, लेकीनं दिलेला. संध्याकाळी फोनवर हरिपाठ लावायचा आणि स्पीकरातून ऐकत वाती वळायच्या, हा त्यांचा नेम. परवा रात्री फोननं आपणहून अपडेट घेतलं. सकाळी उठून बघतात तर चिन्हं गोल झालेली, घड्याळ मोठं झालेलं, आणि स्पीकर काही केल्या जोडून घेईना. यादीत नाव दिसायचं, त्यावर बोट ठेवलं की जोडतोय जोडतोय म्हणायचं आणि गप्प. बाजारातल्या एका दुकानात दाखवलं, तर दुकानदार म्हणाला सगळा फोन पुसावा लागेल, फोटो जातील, तीनशे रुपये.

"नातवाचं फोटो पुसतोस व्हय मुडद्या, म्हटलं आणि आले उठून."

हे दुकानात त्या कानडीतच बोलल्या असणार. आक्कांचं माहेर चिकोडीकडचं, सासर इथलं. जप मराठीत, हिशेब आणि शिव्या कानडीत.

"आणि काल काय झालं, वैनी, मी वाती वळालतो, तवर स्पीकर आपला आपण टुंग वाजला. म्हटलं पांडुरंगाला दया आली. तर आतनं बाईबाप्याचं गाणं! कानडी, आणि लई प्रेमाचं. विठ्ठलाच्या फोटोम्होरं!"

मी आत हाक मारली. आमचा धाकटा बेळगावला इंजिनिअरिंगला आहे, शनिवार-रविवार घरी असतो. गाण्याचं नाव निघाल्यावर त्याला यायला जरा वेळच लागला. आला तो घाईघाईनं शास्त्रच सांगायला लागला.

त्याचं म्हणणं असं. फोन आणि स्पीकर पहिल्यांदा जोडले जातात तेव्हा आपसात एक गुप्त किल्ली ठरवतात आणि दोघंही ती जपून ठेवतात. पुढच्या वेळी किल्ली जुळली की ओळख पटते. अपडेटमध्ये आक्कांच्या फोनकडची किल्ली बिघडली, स्पीकर मात्र जुनीच घट्ट धरून बसला. मग रिकामा स्पीकर पूर्वीच्या ओळखीचा दुसरा कोणी जवळपास आहे का ते बघतो. गणपतीत आरत्या लावायला ह्यानं आपला फोन एकदा त्याला जोडला होता. भिंतीपलीकडं, दहा मीटरच्या आत, हाच लोळत पडलेला.

"पण ब्लूटूथ कशाला म्हणत्यात रे? दात कुणाचा निळा?"

हजार वर्षांपूर्वी डेन्मार्कचा हॅराल्ड नावाचा राजा होता, पोरगं सांगू लागलं. त्याचा एक दात किडून निळा पडला होता म्हणे. त्यानं डेन्मार्क आणि नॉर्वे आपल्या छत्राखाली आणले. इंटेलच्या जिम कार्डाकनं हे नाव सुचवलं, कारण फोनवाले आणि कॉम्प्युटरवाले एकत्र आणायचे होते. १९९८ साली एरिक्सन, नोकिया, इंटेल, आयबीएम, तोशिबा एकत्र आले. आणि फोनवरची ती खूण म्हणजे राजाच्या नावातली दोन जुनी अक्षरं, एकात एक गुंतवलेली.

"निळा कुठला? मिश्री लावत असणार."

"आक्का, तंबाखू युरोपात जायला कोलंबस जन्मावा लागला. हा त्याच्या पाचशे वर्षं आधीचा."

"बरं, दोन मुलखं एक केली म्हणतोस? मग पाठव की त्याला हिकडं. छप्पन सालापास्नं वाट बघालाव."

निपाणीत अर्धा तास गप्पा झाल्या आणि सीमाप्रश्न निघाला नाही, असं होत नाही. दावा २००४ पासून सुप्रीम कोर्टात आहे. आमचा स्पीकर तेवढा थांबायला तयार नव्हता.

आक्कांचा फोन बेळगावातल्या दुकानातून आणलेला, तिथल्या पोरानं तो कानडीत लावून दिलाय. धाकट्यानं ब्लूटूथच्या यादीत स्पीकरच्या नावापुढचं चक्र दाबलं आणि फोन त्यांच्यापुढं धरला. आक्कांनी चष्मा चढवून वाचलं, "मरेतुबिडि." म्हणजे विसरून टाका.

"कुणाला विसरू?"

"स्पीकरला. आणि त्यालाही तुम्हाला विसरायला लावायचं. त्याचं बटण दिवा लुकलुकेपर्यंत दाबून धरा. मग दोन्ही बंद करून चालू करा आणि नव्यानं जोडा."

"दोन्हीकडनं विसरायचं व्हय?" आक्का बटण दाबता दाबता म्हणाल्या. "मग अवघड हाय बाबा. हितं एक बाजू तरी कुठं विसरतीया."

दुसऱ्या खेपेला जुळलं. एवढ्यावर नाही जुळलं तर नेटवर्कची सेटिंग्ज रिसेट करायची, म्हणाला. त्यात फोटो जात नाहीत, पण वायफायचे पासवर्ड जातात, ते आधी कागदावर उतरवून ठेवायचे. सगळा फोन पुसण्याची गरज नव्हतीच. आक्कांनी त्या दुकानदाराची पुन्हा एकदा कानडीत आठवण काढली.

देवघरातून हरिपाठ सुरू झाला. आता उरला होता आमच्या पोराचा फोन. त्यातूनही स्पीकर काढायला हवा, नाहीतर आक्कांचा फोन बंद असला की परत गाणी. तो म्हणाला, मी करतो घरी जाऊन. आक्का म्हणाल्या, "घरी कशाला? आत्ताच कर, माझ्यासमोर." आणि त्याच्या हातातून फोन घेतला.

यादीत आमचा टीव्ही होता, कागलच्या मामांची गाडी होती, आक्कांचा स्पीकर होता. आणि त्याखाली कुणाचे तरी इयरबड्स, नाव कानडी अक्षरात. मी मराठी शाळेतली, मला ती अक्षरं पटकन लागत नाहीत. आक्कांना लागतात. त्यांनी एकदा नावाकडं बघितलं, एकदा पोराकडं. त्याचे कान लाल झाले होते.

"हे बी मरेतुबिडि काय रे?"

"नको! ते नको!"

"कुणाचं नाव आहे हो आक्का?" मी विचारलं.

"काय की बाई," चष्मा पदराला पुसत आक्का म्हणाल्या, "चष्म्यातनं नीट दिसंना झालंय."

स्पीकर तेवढा पुसला. दुसरं नाव अजून यादीत आहे.