वेड्या कोंबडीचं अपील

थंडर बे, ऑन्टॅरिओ

ती. नानाकाकांस,



तुमचं पत्र पोचलं. ‘दगड मारला तरी न उडणारा पक्षी मूर्ख, आणि त्याच्यामागे बंदूक घेऊन हिंडणारे त्याहून मूर्ख’ हा तुमचा निकाल घरात मोठ्याने वाचून झाला. निकालाचा उत्तरार्ध इथल्या शेजाऱ्यांच्या कानावर घालायची कुणाची छाती नाही. त्यांच्याकडे बंदुका आहेत. पूर्वार्धावर मात्र अपील दाखल करतो आहे. आरोपीचं म्हणणं न ऐकताच शिक्षा सुनावली गेली, आणि तीही उभा जन्म कोर्टात काढलेल्या माणसाकडून!

आरोपीचं नाव स्प्रूस ग्राउज. मोर, तित्तिर आणि आपली रानकोंबडी यांच्याच भाऊबंदकीतला, वजनाने अर्ध्या किलोच्या आसपास. नर काळपट, डोळ्यावर लालभडक भुवई. मादी तपकिरी, अंगभर आडवे पट्टे. फांदीखाली माणूस येऊन उभा राहिला की हा मान जराशी लांबवतो, एक डोळा खाली लावून बघतो आणि पुन्हा झाडाच्या सुया खुडायला लागतो. काठीला दोरीचा फास बांधून त्याच्या गळ्यात अडकवता येतो. इथले आदिवासी पूर्वापार तसं करत आले आहेत. गोऱ्या लाकूडतोड्यांनी त्याला ‘फूल हेन’, म्हणजे वेडी कोंबडी, ठरवून टाकलं. तुम्ही त्याच निकालावर शिक्का मारलात.

आता त्याची बाजू. या जंगलात त्याच्या जिवावर उठलेला मुख्य वैरी म्हणजे गोशॉक, आपल्या शिक्र्याचा थोरला चुलतभाऊ. तो डोळ्यांनी शिकार करतो, आणि जे हललं ते आधी त्याच्या नजरेत भरतं. काळोख्या झाडीत, पट्ट्यापट्ट्यांची पिसं अंगावर असताना, गप्प बसणं हाच सर्वात शहाणपणाचा उपाय. त्यात हिवाळ्याचा हिशोब वेगळा. तेव्हा हा पक्षी पाइन आणि स्प्रूसच्या सुयांवर दिवस काढतो. त्या पचवायला इतक्या जड की थंडीत त्याची पेषणी चांगलीच मोठी होते. अशा निकस खाण्यावर, उणे तीस अंशांत, येणाऱ्याजाणाऱ्या प्रत्येकाला घाबरून उडत सुटणं परवडणार कसं? बसून राहणं ही त्याची काटकसर आहे, आणि काटकसरीला मूर्खपणा म्हणणं निदान तुमच्या तोंडी तरी शोभत नाही.

तुम्ही म्हणाल, वैरी ओळखण्याची अक्कल असेल तर माणूस कसा ओळखू येत नाही? याचं उत्तर डार्विनने देऊन ठेवलं आहे. 1835 मध्ये गॅलापागोसला त्याने फांदीवरच्या एका ससाण्याला चक्क बंदुकीच्या नळीने ढकललं होतं. पण तिथल्यापेक्षा फॉकलंड बेटांवरचा पुरावा अधिक भक्कम. तिथे कोल्हे होते, शिकारी पक्षी होते. तिथला रानहंस कोल्ह्याच्या भीतीने घरटं लहान बेटांवर बांधायचा, पण माणसाला मात्र जवळ येऊ द्यायचा. तोच रानहंस तिएरा देल फुएगोमध्ये, जिथे रहिवासी त्याची पिढ्यान्‌पिढ्या शिकार करत होते, बंदुकीच्या टप्प्यात यायला तयार नसे. म्हणजे भीती ही सरसकट सावधगिरी नव्हे. ज्याचा अनुभव आला त्याचीच ती असते. आपल्याकडे माणूस नुसता वाकला तरी गल्लीतलं कुत्रं पळतं, हातात दगड असो वा नसो. ते काही आईच्या पोटातून शिकून येत नाही.

इथल्या इथेही हाच पुरावा मिळतो. रफ्ड ग्राउज नावाचा याचा भाऊबंद दक्षिणेकडच्या वर्दळीच्या, शिकाऱ्यांनी तुडवलेल्या रानात पावलाची चाहूल लागताच पंखांचा धडाका करून असा उडतो की शिकाऱ्याच्याच काळजाचा ठोका चुकतो. उत्तरेकडच्या ओसाड जंगलात तोच पक्षी लाकूडवाहतुकीच्या कच्च्या रस्त्यावर खडे टिपत उभा असतो आणि गाडी थांबली तरी ढिम्म. जात एक, वागणं दोन. जी पाखरं बसून राहिली ती दक्षिणेत मारली गेली आणि उडणाऱ्यांचीच पिल्लं वाढली, की अनुभवाने पाखरं शहाणी झाली, यावर वाद घालता येईल. दोन्हीकडून बोट माणसाकडेच वळतं.

एक आक्षेप मात्र खरंच वजनदार आहे. आदिवासी हजारो वर्षं फास टाकत होते, मग स्प्रूस ग्राउज का शिकला नाही? माझं उत्तर आकड्यांचं आहे. एवढ्या अफाट जंगलात माणसं मूठभर, गोशॉक मात्र बारमाही. एखाद्या पक्ष्याला जन्मात माणूस दिसला तर दिसला, गोशॉकची सावली मात्र रोजची. ज्या सवयीने रोजचा जीव वाचतो, ती क्वचितच्या पाहुण्यासाठी कोण मोडेल?

घरातल्या चिनूने शोधलेला पुरावा मात्र आमच्याच अंगावर आला. काही ग्राउज माणसाला घाबरत तर नाहीतच, उलट त्याच्या अंगावर धावून जातात. युरोपातला कॅपरकॅली हा ग्राउज कुळातला थोरला, नर चार किलोंचा. 1998 च्या ‘लाइफ ऑफ बर्ड्स’ मालिकेत डेव्हिड ॲटनबरोंसारखा माणूस त्याच्यापुढून मागे सरता सरता पडला. चिनूचं म्हणणं, हे तरी वेडच ना? नाही. फिनलंडमध्ये अशा चवताळलेल्या नरांचं रक्त तपासलं तेव्हा टेस्टोस्टेरॉन नेहमीपेक्षा बरंच जास्त निघालं. तो माणसाला प्रतिस्पर्धी नर समजतो आणि हद्दीबाहेर काढतो. बांधावरून भाऊबंदांच्या अंगावर धावून जाणाऱ्यांना आपण वेडे म्हणत नाही. त्यांच्या केसेस तुमच्याच कोर्टात चालायच्या.

राहिले शिकारी. बसलेला पक्षी मारण्यात मर्दुमकी कसली, हा तुमचा सवाल इथल्या शिकाऱ्यांतही आहे. एक पंथ कुत्रा घेऊन हिंडतो आणि उडालेल्या पक्ष्यावरच बार टाकतो. दुसरा बारीक बोअरची रायफल गाडीत ठेवून रस्त्याने फिरतो आणि सरळ सांगतो, आम्ही खेळायला नाही, जेवायला आलोय. मला दुसरा अधिक प्रामाणिक वाटतो. शिवाय सरकार दोघांनाही दिवसाला पाचच पक्षी मारू देतं, त्यामुळे मर्दुमकीचा फुगा फार फुगत नाही.

काकूंनी विचारलं होतं, रस्सा होतो का? सप्टेंबरातला पक्षी बोरंबिरं खाऊन असतो, त्याचा चांगला होतो म्हणतात. हिवाळ्यात सुया खाल्लेल्याच्या मटणाला टर्पेंटाइनचा वास मारतो, आणि त्यापुढे कांदा-खोबऱ्याचं वाटणही हात टेकतं. तेव्हा मसाला पाठवायची घाई नको. लोणचं मात्र पाठवा.

कळावे, लोभ असावा.

तुमचा,
बंडू